वाटाड्याचे हात

१२ जून १९८६

ती. आत्या,

नमस्कार. काम मिळालं. एवढं वाचून लगेच शेजारी सांगायला उठू नकोस, आधी पत्र पूर्ण वाच.

टीव्हीवर अंतराळयानाची नवी मालिका येते आहे. यानात सहा माणसं आणि एक परग्रहावरचा प्राणी. तो प्राणी मी. सात वर्षं रंगमंचावर निरोप आणणारा नोकर झालो, पण या कामासाठी माझा अभिनय कुणी पाहिलाच नाही. निवड शिंप्यानं केली! रबराचा पोशाख आधीच बनून तयार होता आणि ज्याच्या मापाचा होता तो नट दुसरीकडे गेला. शिंप्यानं माझ्या छातीभोवती टेप धरली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला, "मिळाला!" लहानपणी तू माझं नाव काडीपैलवान ठेवलंस, त्याचा आज पहिल्यांदा उपयोग झाला.

मला संवाद नाहीत. प्राण्याचं नाव वाटाड्या. यान कुठून न्यायचं हे फक्त त्याला कळतं. तो ज्या ग्रहावरून आलाय तिथे हवा इतकी विरळ की आवाज पोचतच नाही, म्हणून तो हातांनी बोलतो. कप्तान त्याचे हात बघतो आणि बाकीच्यांना अर्थ सांगतो. माझा चेहरा पूर्ण झाकलेला. डोळ्यांना दोन भोकं, तोंडाला एकही नाही, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घेता येत नाही.

दिग्दर्शकाला विचारलं, हात कसे हलवू? म्हणाला, "काहीतरी गूढ करा." तर तेच करतोय.

ऑगस्टपासून दर सोमवारी संध्याकाळी साडेसहाला. मी दिसणार नाहीच, पण बघ.

तुझा
काडी


१९ ऑगस्ट १९८६

चि. काडीपैलवान,

अनेक आशीर्वाद. काल मालिका पाहिली. घरी नाही, वसतिगृहाच्या हॉलमध्ये, मुलांबरोबर. तिथला टीव्ही नेहमी आवाज बंद ठेवूनच चालतो. कर्णबधिर मुलांच्या शाळेत आवाजाची आठवण राहणार कुणाला? काल मात्र मी मुद्दाम आवाज सुरू केला, कारण तुझा कप्तान काय बोलतो ते मला ऐकायचं होतं.

तू आलास, दोन्ही हात वर केलेस आणि हलवलेस. कप्तान दचकून म्हणाला, "वाटाड्या सांगतोय, पुढे उल्कांचा पट्टा आहे!" आणि त्याच वेळी हॉलमधली त्रेचाळीस मुलं बाकांवरून खाली कोसळली. मला कळेना काय झालं. मग लक्षात आलं. तुझे हात म्हणत होते, "दूध नासलंय."

पुढे यानात आग लागली. कप्तानाच्या म्हणण्याप्रमाणे तू धोक्याचा इशारा दिलास. प्रत्यक्षात तू विचारलंस, "माझे बूट कुठे लपवलेस?" आणि शेवटी, शत्रूचा सेनापती समोर उभा असताना, फार गंभीरपणे, तीनदा: "आंघोळ नको, आंघोळ नको, आंघोळ नको." शिशुवर्गातली पोरं तर लोळत होती.

मुलांनी मला विचारलं, "बाई, हा आपल्यातला आहे का?" मी खरं ते सांगितलं. हा माझा भाचा. याचा बाप जहाजावर नोकरीला, आई लवकर गेली, म्हणून चार वर्षांचा असताना माझ्याकडे आला आणि पंधरा वर्षांचा होईपर्यंत इथेच, शिक्षकांच्या खोल्यांत, वसतिगृहाच्या मुलांबरोबर वाढला. याला ऐकू येतं, पण भांडायला हा हातांनीच शिकला.

तू हे जाणूनबुजून करतोस की काय?

तुझी
आत्या


२७ ऑगस्ट १९८६

ती. आत्या,

शपथेवर सांगतो, मला पत्ताच नव्हता! "काहीतरी गूढ करा" म्हटल्यावर मी डोकं रिकामं केलं आणि हात सोडून दिले. वीस वर्षांपूर्वीची भांडणं त्यांत शिल्लक असतील हे मला काय माहीत? पत्र वाचून मी पोशाखाच्या खोलीत एकटाच हसत बसलो. शिंप्याला वाटलं उकाड्यानं चढलंय.

पण आता मला लाज वाटते आहे. जगात कुणाला तरी माझे हात कळतात हे कळल्यावर पुन्हा बुटांबद्दल बोलता येत नाही. मला खऱ्या खुणा पाठव. "उल्का", "ग्रहण", "इंधन संपत आलंय", "या वाटेनं गेलो तर परत येणार नाही". पुढच्या भागाची संहिता सोबत जोडतो आहे. इथे कुणाला सांगणार नाही. त्यांना गूढ हवंय, त्यांना गूढच वाटू दे.

तुझा
काडी


९ सप्टेंबर १९८६

चि. काडीपैलवान,

आशीर्वाद. तुझी संहिता मी मोठ्या मुलांपुढे ठेवली. त्यांनी लगेच समिती नेमली आणि मला तीत घेतलं नाही. "उल्का" आणि "अंतराळ" यांना आमच्याकडे खुणाच नव्हत्या. त्या त्यांनी दोन दिवस भांडून नव्या तयार केल्या. कृती शब्दांत लिहून पाठवते आहे, खाली चित्रंही आहेत. चित्रं काढणारी मुलगी हीच समितीची पुढारी. सतरा वर्षांची, उंच, तुझ्यासारखीच किडकिडीत, आणि हट्टी. प्रत्येकाला आमच्यात खुणेचं एक नाव असतं. तिचं नाव म्हणजे खांद्यावरची वेणी ओढल्याची खूण. कागदावर आपण तिला वेणीच म्हणू.

वेणीची तक्रार: तुझ्या हातमोज्यांची टोकं बोटांपुढे दोन इंच लोंबतात, त्यामुळे "माणूस" आणि "काटा" एकसारखे दिसतात. टोकं कापून घे.

मुख्याध्यापकांना यातलं काही सांगितलेलं नाही. मुलांनी ओठांनी बोलावं असं त्यांचं मत. वर्गात हात हलला की त्यांची भुवई हलते.

तुझी
आत्या


१४ फेब्रुवारी १९८८

ती. आत्या,

दीड वर्षात मोजून चार पत्रं पाठवली, ती सगळी खुणांबद्दल. आज गप्पांचं पत्र.

हातमोज्यांची टोकं कापून घ्यायला पाच महिने लागले, हे तुला माहीत आहेच. त्यानंतर फरक पडला. लेखक आता वाटाड्यासाठी मोठे प्रसंग लिहितात. दिग्दर्शक लोकांना सांगतो की ही भाषा त्यानं स्वतः कल्पिली. मी मान डोलावतो.

परवा गंमत झाली. कागदाच्या दुकानात गेलो होतो. दारात दोन पोरं वाटाड्या-वाटाड्या खेळत होती. "अंतराळ" ची खूण चुकत होती म्हणून मी वाकून दाखवली. दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला, "साहेब, राहू द्या. तुम्हाला नाही जमत. तो माणूस वेगळाच आहे." पोरांनीही मान हलवली. मी वही घेऊन घरी आलो.

रबराच्या गोंदानं मानेवर चट्टे उठतात. बाकी तब्येत उत्तम. कप्तानाचं काम करणारे गृहस्थ जरा फुगलेत, पण माणूस वाईट नाही. माझे हात काय म्हणतात हे त्यांनी दोन वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.

तुझा
काडी


३ मार्च १९८८

चि. काडीपैलवान,

आशीर्वाद. दुकानदाराचा किस्सा मुलांना सांगितला. त्यांचं मत असं पडलं की त्या दुकानातून पुन्हा काही घेऊ नये.

वेणी शाळेतून बाहेर पडली. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात लागली आहे. हात सफाईदार, कामाबद्दल तक्रार नाही. पण तिथे तिच्याशी बोलायला कुणी नाही. मुकादम चिठ्ठ्यांवर लिहून कामं सांगतो आणि बाकीचे चिठ्ठी लिहिण्याचाही कंटाळा करतात. दर सोमवारी ती सुटल्यावर थेट वसतिगृहात येते, तुझी मालिका बघते, लहान मुलांशी तासभर वाद घालते आणि परत जाते. आठवड्यात तेवढंच तिचं बोलणं.

मानेला खोबरेल लाव. हसू नकोस, लाव.

तुझी
आत्या


९ नोव्हेंबर १९९०

ती. आत्या,

पत्र टाइप केलेलं बघून दचकू नकोस. टाइपरायटर घेतला. अक्षर सुधारण्यापेक्षा हे सोपं. काम जोरात चालू आहे. या महिन्यात नव्या खुणा नकोत, संहिता उशिरा येतात. थंडी पडली आहे. तू सांभाळून राहा.

काडी


२ डिसेंबर १९९०

चि. काडीपैलवान,

आशीर्वाद. महिन्याभरात दोन पत्रं, दोन्ही टाइप केलेली, दोन्ही चार ओळींची, आणि सहीसुद्धा यंत्रानं! आमच्या मुख्याध्यापकांची परिपत्रकं अशीच येतात. मोठा माणूस झालास, आनंद आहे. पण घरच्या माणसाला लिहिताना पेन धरायला कमीपणा वाटू नये.

मनाला लागलं तर लागू दे. मी लिहिलेलं खोडणार नाही.

आत्या


१५ जानेवारी १९९१

काडी,

काल सोमवार होता. नव्या वर्षाचा पहिला भाग. वाटाड्या आला, त्यानं हात हलवले. मुलं गप्प बसली. मला वाटलं, प्रसंग गंभीर आहे म्हणून गप्प. मग सहावीतल्या एकानं माझी बाही ओढली आणि खुणेनं म्हणाला, "बाई, हा बडबडतोय. काहीच बोलत नाही." वेणी दहा मिनिटं बघत राहिली. मग उठली आणि तिनं टीव्ही बंद केला. म्हणाली, "हा तो नाही. हा आतून दुसरा आहे."

मी इतके दिवस समजत होते की तुझ्या डोक्यात हवा गेली. आता मला दुसरंच काही वाटतंय.

मला उजव्या हातानं एक ओळ लिहून पाठव. एकच.

आत्या


२३ जानेवारी १९९१

ती. आत्या,

हे डाव्या हाताचं अक्षर आहे. उजव्यानं ओळ लिहिता आली असती तर नोव्हेंबरातच लिहिली असती.

१७ ऑक्टोबरला यानाचं दार पडलं. बघताना ते पोलादी वाटतं, पण असतं प्लायवूडचं. चौकट मात्र खरी लोखंडाची. ते दोरीनं वर ओढून धरतात. दोरी निसटली तेव्हा माझा उजवा हात उंबऱ्यावर होता. पोशाखाच्या आतून ओरडलो ते कुणाला ऐकू गेलं नाही. कप्तानाला वाटलं मी अभिनय करतोय. दोन-तीन क्षण कॅमेरा चालूच होता.

तीन शस्त्रक्रिया झाल्या. शेवटची दोन बोटं वाकत नाहीत आणि अंगठा कुठल्याच बोटाला पोचत नाही. डॉक्टर आधी "बघू" म्हणायचे, आता तेही म्हणत नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या पोशाखात एका कसरतपटूला घातलं; माझे आधी चित्रित झालेले भाग डिसेंबरपर्यंत पुरले. निर्माते दवाखान्यात आले होते. उपचाराचं सगळं त्यांनी नीट केलं, तक्रार नाही. जाताना म्हणाले, "बाहेर बोलू नका. मुखवटा तोच आहे, लोकांसाठी वाटाड्याही तोच." मला ते पटलं. साडेचार वर्षं मला कुणी पाहिलं नव्हतं, मग मी गेल्याचं कुणाला कळणार?

तेव्हापासून मी वाट बघत होतो की कुणाला तरी कळावं. सगळे टीव्ही बघतात, आत्या. फरक कळला तो तुझ्या हॉलमध्ये.

तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

तुझा
काडी


३० जानेवारी १९९१

चि. काडी,

रविवारी येते आहे. चार दिवस राहीन. रागवायचं ते समोर रागवेन.

मुलांना मी खरं सांगितलं. त्यांनी वर्ग सुटल्यावर आपणहून पत्रं लिहिली, टीव्हीच्या कार्यालयाला. त्रेचाळीस. मी एकाचंही शुद्धलेखन तपासलेलं नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, निबंधलेखन. ते म्हणाले, इतकी लांब वाक्यं ही मुलं कधीपासून लिहायला लागली?

तुझी
आत्या


३ मार्च १९९१

ती. आत्या,

तू गेल्यापासून घर ओळखू येत नाही. बशा कुठे ठेवल्यास ते मला अजून सापडत नाही.

तू गेलीस त्याच आठवड्यात निर्मात्यांनी बोलावलं. टेबलावर मुलांची पत्रं पसरलेली. एक त्यांनी मोठ्यानं वाचलं: "नवीन वाटाड्या मुका आहे. जुना बोलत होता." मग बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे ही भाषा खरी होती?" दिग्दर्शक खिडकीबाहेर बघत होता. कप्तानानं विचारलं, "पहिल्या भागात उल्कांच्या वेळी तुम्ही काय म्हणाला होता?" मी सांगितलं. कप्तान इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. साडेचार वर्षांत त्यांच्याबरोबर पहिल्यांदा हसलो.

आता त्यांना वाटतं, मी त्या कसरतपटूला शिकवावं. तीन आठवडे खटपट करतोय. मुलगा भला आहे, घाम गाळतो. पण परक्या भाषेतलं गाणं अर्थ न कळता पाठ करावं तसं त्याचं होतं. त्यालाही ते कळतं. परवा स्वतःच म्हणाला, "मला उड्या मारू द्या हो."

माझ्या मनात एक आलंय. वेणी. उंची, अंगकाठी, सगळं जुळतं. तिला विचारशील?

तुझा
काडी


१० मार्च १९९१

चि. काडी,

नाही.

कारण लिहिते, नाहीतर तुला वाटेल म्हातारी उगाच अडून बसली. वेणी दहा वर्षांची असताना कुठल्याशा समारंभात तिला मंचावर नेलं होतं. एका बाईनं तिच्या गालावरून हात फिरवला, "बिचारी" म्हणाली आणि बाहुली दिली. वेणीनं ते ओठांवरून वाचलं आणि बाहुली सगळ्यांसमोर खाली टाकली. मी तेव्हा तिला शिक्षा केली होती. अजून खटकतं मला ते.

आता तिला लोक बघायला येणार, वर्तमानपत्रात "बहिरी असूनही" म्हणून छापणार. किंवा त्याहून वाईट म्हणजे ती रबराच्या आत राहणार आणि कुणाला कळणारच नाही की आत ती आहे. तुझा हात गेला तेव्हा ते चार दिवसांत दुसरा माणूस घेऊन आले. तिचं काही झालं तर?

मी तिला विचारणार नाही.

तुझी
आत्या


१८ मार्च १९९१

दादा,

मी वेणी. बाईंनी विचारलं नाही. बाईंच्या टेबलावर तुमचं पत्र होतं. मी वाचलं. चूक माझी आहे. बाईंना आज सांगितलं. त्या रागावल्या, मग म्हणाल्या, तूच लिही.

बाई म्हणतात, मुखवट्यात मी दिसणार नाही. कारखान्यात माझा चेहरा उघडा असतो. तिथे पण मी कुणाला दिसत नाही. मुखवटा चालेल. हात दिसले पाहिजेत.

ओरडून सांगितलेलं मला कळणार नाही. दिवा लावा. "सुरू" ला एक आणि "थांबा" ला एक.

माझे हात धरून कुणी हलवायचे नाहीत. तुम्ही पण नाही. दाखवा, मी करेन.

माझी उंची पाच फूट आठ. छाती, कंबर, बाही आणि खांद्याची मापं मागे लिहिली आहेत. शिंप्याला द्या. हातमोज्यांना टोकं नकोत.

वेणी


१७ जून १९९१

ती. आत्या,

वेणीची खोली तू पाहून गेलीस, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. कामाबद्दल लिहितो.

पहिल्या दिवशी दिवे तयार नव्हते. दिग्दर्शक "थांबा, थांबा" ओरडत राहिला आणि ती यान चालवत राहिली. शेवटी मी मध्ये जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी तिच्या नजरेच्या उंचीवर एक हिरवा आणि एक लाल दिवा बसवला. आता बाकीचे सगळेसुद्धा दिव्याकडेच बघतात, ओरडणं बंद झालं.

तिसऱ्या दिवशी कप्तानानं आपलं वाक्य म्हटलं आणि तिनं संहितेत नसलेलं काहीतरी उत्तर दिलं. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "तुम्ही तिच्या उजेडात उभे आहात." ते दोन पावलं सरकले. संध्याकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "उजेड कसं म्हणतात ते दाखवा." रोज दोन खुणा शिकतायत.

आता दुसरं. हे फक्त तुझ्यासाठी.

गेल्या सोमवारी तिचा पहिला भाग लागला. मी घरी एकटा बघत होतो. चार मिनिटं पाहिलं आणि टीव्ही बंद केला. ती माझ्यापेक्षा चांगली आहे, आत्या. थोडीथोडकी नाही. मी त्या भाषेत पाहुणा होतो, ती तिथलीच आहे. लोक म्हणतायत, या वर्षी वाटाड्याला सूर सापडला. लोकांना माहीतही नाही की ते कुणाबद्दल बोलतायत, आणि तरी मला झोंबलं.

आणखी एक सांगतो. एकदा मनात आलं, एखादी खूण चुकीची शिकवावी. कुणाला कळणार होतं? आलं मनात, एवढंच. केलं नाही. पण आलं.

हे कुणाला सांगू नकोस.

काडी


२४ जून १९९१

चि. काडी,

आशीर्वाद. पत्र मिळालं. कुणाला सांगणार नाही.

उपदेश करत नाही. तू रोज तिथे जातोस, तेवढं चालू ठेव. मन यायचं तेव्हा येईल मागून. आणि डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू दाबत जा. दाबत नाहीस हे मला इथून कळतं.

मुलांनी सोमवारी हॉलमध्ये जो दंगा केला त्यामुळे खिडकीची एक काच फुटली. मुख्याध्यापक आले, दारात उभे राहून शेवटपर्यंत पाहिलं आणि काचेबद्दल एक शब्द न बोलता गेले.

तुझी
आत्या


८ मार्च १९९३

ती. आत्या,

मे महिन्यात तू निवृत्त होणार, म्हणून शाळेत काय काय चाललंय ते वेणीकडून कळतं. मुलं तिला लिहितात, तुला नाही सांगत. मी काही फोडत नाही.

माझी बातमी तुला अर्धी माहीत आहे. यानाच्या म्हाताऱ्या मेकॅनिकचं काम, नऊ भाग, स्वतःच्या चेहऱ्यानं. लेखकांनी त्याचा उजवा हात अधू लिहिला. मी विचारलं, दया म्हणून का? लेखक म्हणाला, "नाही, पाना डाव्या हातानं धरणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता." हे उत्तर मला आवडलं. सव्विसाव्या वर्षी मी रंगमंचावर जे करू शकत नव्हतो ते आता सहज होतं. शांत उभं राहता येतं. मुखवट्यात इतकी वर्षं हातांवर सोपवलं, त्यामुळे चेहरा उगाच हलत नाही. कागदाच्या दुकानदारानं परवा ओळखलं, आणि तो मला अहो-जाहो करत वहीवर सही मागत होता.

उरलेली अर्धी ही, की नवव्या भागात मेकॅनिक मरतो. गेल्या महिन्यात ते चित्रित झालं. संहितेत एकच ओळ होती: "वाटाड्या निरोप घेतो. दोन मिनिटं." कप्तान म्हणाले, "इथे मी अर्थ सांगणार नाही. तिला बोलू दे." लेखकानं मान्य केलं. हिरवा दिवा लागला. मी तिच्यासमोर फळकुटावर पडलेलो, डोळे मिटलेले, मेलेला. दोन मिनिटं तिच्या बाह्यांची सळसळ कानावर येत होती, तेवढंच. लाल दिवा लागल्यावर डोळे उघडले तर सगळे खाली बघत होते. दिवेवाला नाक पुसत होता. मी त्याला विचारलं, तुला काय कळलं? म्हणाला, "काही नाही. पण बघवेना."

वेणीला विचारलं, काय म्हणालीस? ती म्हणाली, "मेलेल्याला का सांगू?" त्यानंतर तीनदा विचारलं, तीनदा हेच. आणि माझ्याशिवाय इथे कुणाला कळण्यासारखं नाही.

भाग १५ तारखेला लागेल. मीही बघीन, पण कॅमेरा बराचसा माझ्यामागून आहे म्हणे, माझ्या डोक्यानं तिचा एक हात झाकला जातो. काही निसटलं तर? तू बघ आणि लिहून पाठव.

तुझा
काडी


१६ मार्च १९९३

चि. काडी,

अनेक आशीर्वाद. काल हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. मुख्याध्यापकांनाही स्टूल आणावं लागलं.

तू गेलास तेव्हा शिशुवर्गातलं एक जण रडलं. चांगला मेलास. मग ती तुझ्याजवळ आली आणि बोलायला लागली. मी कागद-पेन घेऊन बसले होते, तुला लिहून पाठवायचं म्हणून. पहिल्या मिनिटात मला चार खुणा कळल्या. "माणूस", "इंजिन", "मी", आणि "आधी". बाकीचं सगळं माझ्या डोळ्यांसमोरून वाहून गेलं. माझ्या भोवती मात्र मुलं हलायला तयार नव्हती. मोठ्या मुली एकमेकींचे दंड धरून बसल्या होत्या.

संपल्यावर मी शेजारच्या सातवीतल्या मुलीला विचारलं, काय म्हणाली ती? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "बाई, तुम्हाला नाही कळलं?"

अडतीस वर्षं शिकवते आहे मी. वर्गात मुलं माझ्याशी हळू, सोपं करून बोलतात, हे मला काल कळलं. आपापसात बोलतात ते वेगळंच आहे. वेणी काल तसं बोलली. मग आठ-दहा मुलांनी मला मध्ये बसवलं आणि तुकड्यातुकड्यानं सांगितलं, आपसात भांडत, एकमेकांना दुरुस्त करत. मी तीन वेळा सांगायला लावलं आणि मगच कागदावर उतरवलं. ते असं:

"हा माणूस इंजिन दुरुस्त करायचा. त्याच्या आधी तो जिथे उभा राहायचा तिथे आता मी उभी आहे. पहिले सहा महिने मी याला आवडत नव्हते. हा माझ्याकडे बघून हसायचा, पण खांदे हसत नव्हते. मला ऐकू येत नाही, दिसतं. तरी यानं मला एकसुद्धा खूण खोटी शिकवली नाही. रोज माझ्या आधी यायचा. मग एक दिवस खांदेसुद्धा हसले. तो दिवस मी कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. आता मी याचे डोळे मिटलेले आहेत म्हणून बोलते आहे, कारण उघडे असते तर यानं माझी चूक काढली असती."

शब्द एकही बदललेला नाही.

आणि मी तिला काही सांगितलेलं नव्हतं, हे तुला माहीत असावं.

तुझी
आत्या